'राणीखेत'ऐवजी 'मानमोडी' वाचावे

श्यामसुंदर गद्रे यांनी जन्मात अंडं खाल्लं नाही, आणि चौतीस वर्षं अंड्यांखेरीज दुसरं काही हाताळलं नाही. पुण्यात कोंबड्यांच्या रोगांचं निदान करणारी आमची एक लहानशी प्रयोगशाळा आहे. तिथे ते तंत्रज्ञ होते आणि मी, पद्मजा, त्यांची वरिष्ठ डॉक्टर. वरिष्ठ हा शब्द कागदोपत्री. मी रुजू झाले तेव्हा त्यांच्या नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "मॅडम, आपल्या चपला त्या खणात. या खणातल्या माझ्या आहेत." नमस्कार वगैरे त्यानंतर.

अंडी हाताळणं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर हा माणूस कळायचा नाही. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. म्हणून मेलेल्या कोंबडीचा नमुना दहा दिवस उबवलेल्या अंड्यात सुईने सोडतात, भोक मेणाने बुजवतात आणि अंडं उबेत ठेवतात. मग रोज ठरल्या वेळी अंधाऱ्या खोलीत ते दिव्यासमोर धरून बघायचं. आत जीव असेल तर लाल शिरांचं जाळं दिसतं, मधला ठिपका हलतो. नसेल तर नुसता काळोख. गद्रे हे सकाळी सव्वानऊला बघायचे, म्हणजे सव्वानऊलाच. रविवारी, दिवाळीत, स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा. गेलेलं अंडं दिसलं की हळूच "गेलं" म्हणायचे आणि पेन्सिलीने त्यावर फुली मारायचे. मी एकदा गमतीने विचारलं, "काका, आजवर किती फुल्या मारल्या असतील?" ते म्हणाले, "मोजायला आपल्याला वेळ असेल मॅडम. माझे सव्वानऊ वाजलेत."

नारायण पेठेतून ते सायकलने येत. चपलांचे तीन जोड: एक रस्त्याचा, एक प्रयोगशाळेतला, एक फक्त अंधाऱ्या खोलीतला. रोग पायांनी चालत येतो, असं ते नव्या माणसाला बजावत. एक मोठे साहेब तपासणीला आले आणि बुटांसकट आत शिरायला लागले, तेव्हा गद्रे दारात आडवे उभे राहिले. "आपण साहेब आहात हे आम्हाला माहीत आहे, विषाणूला माहीत नाही," असं म्हणाले. साहेबांनी बूट काढले. बढती मात्र त्यानंतर सहा वर्षं आली नाही.

मराठीच्या बाबतीतही तेच. माझ्या रजेच्या अर्जात त्यांनी लाल पेन्सिलीने दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि अर्ज परत दिला. पोस्टमनने 'चुक पत्ता' म्हटलं तरी 'चूक' करून घेत. शिपाई म्हणायचा, गद्रेसाहेबांशी बोलण्यापेक्षा त्यांना चिठ्ठी लिहावी. मग म्हणायचा, नको, चिठ्ठीपेक्षा बोललेलंच बरं. कागदावर नाही ते झालंच नाही, हे गद्र्यांचं ठाम मत. मला त्यांचा राग यायचा, आणि ते रजेवर गेले की काही सुचायचं नाही.

त्यांची एक रजा ठरलेली होती, भाद्रपदातल्या सर्वपित्रीची. अर्थात सव्वानऊला येऊन, अंडी बघून मग घरी जायचे. घरचा इतिहास त्यांनी मला एकदाच सांगितला. एकोणीसशे अठरा साली पुण्यात तापाची साथ आली. जगाने तिला इन्फ्लुएंझा म्हटलं, आपल्या लोकांनी मानमोडी. त्या मानमोडीत गद्र्यांच्या घरातली तीन माणसं आठ दिवसांत गेली: पणजी, तिचा थोरला मुलगा आणि एक तान्हं मूल. मुलाचं बारसं व्हायचं होतं. "त्यामुळे सर्वपित्रीला त्याचं नाव घेता येत नाही," गद्रे म्हणाले. "नुसतं 'एक मूल' म्हणतो."

मी त्यांना सांगितलं की त्या तापाचा विषाणूही मुळात पक्ष्यांमधूनच आला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. त्यांनी हातातलं अंडं दिव्यासमोर धरलं. "म्हणजे आमचे जुनेच संबंध," ते म्हणाले.

पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाच्या विषाणूला, म्हणजे पेपरवाल्यांच्या बर्ड फ्लूला, ते 'नापास कारकून' म्हणत. हे नाव अगदी बरोबर होतं. हा विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या हजारो नकला काढतो आणि दर दोन-चार नकलांमागे एखादं अक्षर चुकवतो. बहुतेक चुका वाया जातात. एखादी त्याच्या फायद्याची निघते, आणि मग तीच मूळ प्रत होऊन बसते. शिवाय त्याची सगळी पोथी आठ सुट्या तुकड्यांत. एकाच कोंबडीत दोन जातींचे विषाणू शिरले, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसल्यासारखे तुकडे मिसळतात आणि भलताच डाव बाहेर पडतो. रानबदकांच्या पोटात तो बहुतेक वेळा गुपचूप राहतो, कारण बदक मेलं तर त्याला पुढच्या तळ्यावर कोण नेणार? कोंबड्यांत आल्यावर मात्र त्याला शेजाराला शेजार चिकटलेला सापडतो. एका ठरावीक जागी तीन-चार अक्षरं जास्तीची येतात, आणि पोटापुरता असलेला विषाणू कोंबडीच्या अंगभर पसरतो. दोन दिवसांत खेळ संपतो. गद्रे म्हणायचे, "मॅडम, भाडेकरूसारखंच आहे. एकच खोली मिळाली असेल तर तो भिंतीला खिळा ठोकत नाही. शेजारी शंभर खोल्या मोकळ्या दिसल्या की बघा."

हे सगळं त्यांना कळत होतं. म्हणून तर पुढचं सांगताना माझा जीव तुटतो.

गेल्या माघातला एक मंगळवार. मी बैठकीला गेले होते. विषय होता बर्ड फ्लूची पूर्वतयारी. हसू नका. मागे प्रयोगशाळेतला फोन गद्र्यांनी घेतला. पलीकडे बापूराव पायगुडे होते, खडकवासल्याच्या धरणापल्याडच्या एका वाडीतले, सत्तरी ओलांडलेले. वाडीतल्या सगळ्यांच्या कोंबड्यांना लस देण्याचं काम ते हौसेने करत, कोणे एके काळी आमच्याच खात्याने त्यांना ते शिकवलं होतं. फोनवरचं बोलणं गद्र्यांनी मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं. विसरायची सोय त्यांच्या डोक्यात नव्हती.

"साहेब, माझ्या कोंबड्या चालल्या. दोन दिसांत अठ्ठावीस. तुरे काळेनिळे पडल्यात. मानमोडी हाय."

"म्हणजे राणीखेत," गद्रे म्हणाले.

"राणीखेत न्हाई साहेब. राणीखेतची लस म्याच दिलीया, दिवाळीच्या आदी. ही मानमोडी हाय."

"अहो, मानमोडी म्हणजेच राणीखेत. रोग एकच. तुमच्याकडे मानमोडी म्हणतात, पुस्तकात राणीखेत."

"आमची आजी सांगायची ती मानमोडी म्हंतोय मी. मानसं गेल्याली, ती."

"ती माणसांची. आपण कोंबड्यांबद्दल बोलतोय ना?"

पलीकडे बापूराव गप्प झाले. शिकलेल्या माणसाने शब्द दुरुस्त केला की आपल्याकडचा माणूस गप्पच होतो. मग म्हणाले, "बरं साहेब. माझ्या गेल्या, त्या जाऊ द्या. पल्याडच्या टेकाडावर माझी बहीन हाय, यमुना. तिच्या पाऊनशे हायेत, अजून धडधाकट. त्या ऱ्हातील का, येवढं सांगा. तिला दुसरं कुनी न्हाई."

"लगेच लस द्या त्यांना. उद्याच्या उद्या."

"देतो. म्याच जातो."

आणि गद्र्यांनी फोन ठेवला. तीन जोड चपला वापरणाऱ्या माणसाने त्यांना चपला बदला म्हणून सांगितलं नाही. अंगावरचे कपडे बदला, हात धुवा, तिकडे जाऊच नका, यातलं काही सांगितलं नाही. लसीकरणाच्या कामात हे पहिलं सांगायचं असतं, रोग कुठलाही असो. पण शब्दाच्या वादात आपली सरशी झाली की पुणेकराला पुढचं ऐकू येत नाही. मीही पुण्याचीच आहे, म्हणून सांगते.

संध्याकाळी त्या भागातला पशुधन पर्यवेक्षक, समाधान, थर्मोकोलच्या खोक्यात बर्फावर दोन मेलेल्या कोंबड्या घेऊन आला. नमुन्याच्या पत्रकात सातवा रकाना असतो, 'संशयित रोग'. त्यात बर्ड फ्लू असेल तर आम्ही खोकं उघडतच नाही. ते तसंच सीलबंद भोपाळच्या प्रयोगशाळेला जातं, आणि त्याच दिवशी वाडीत ये-जा बंद होते. गद्र्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात तिथे 'राणीखेत' लिहिलेलं होतं. मी बैठकीहून दमून आले होते. त्या अक्षरावर एवढा विश्वास, की न वाचताच सही केली. गद्र्यांनी खोकं उघडलं, नमुना काढला, बारा अंड्यांत सोडला.

बुधवारी सव्वानऊला बारा अंडी जिवंत होती. त्याच सुमारास बापूराव लसीची बाटली घेऊन टेकाडावर चढत होते. पाऊणशे कोंबड्या त्यांनी एकेक करून हातात धरल्या आणि प्रत्येकीच्या डोळ्यात थेंब सोडला.

गुरुवारी सव्वानऊला गद्रे अंधाऱ्या खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले. तासाभराने, चाचणी करून माझ्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या पायांत त्या खोलीतल्याच चपला होत्या. चौतीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं.

"बाराच्या बारा," ते म्हणाले. "आणि राणीखेतला थोपवणाऱ्या सीरमला दाद देत नाही. मॅडम, ही राणीखेत नाही."

"मग?"

"बापूराव फोनवर सांगत होते ना. मानमोडी आहे."

शुक्रवारी नमुना भोपाळला गेला. शनिवारी यमुनाबाईंची पहिली कोंबडी पडली. रविवारी अहवाल आला, आणि सोमवारी आम्ही टेकाडावर गेलो. गद्रे नव्हते, त्यांनी तो नमुना साध्या टेबलावर उघडला होता, म्हणून दहा दिवस त्यांना वेगळं ठेवून औषधं सुरू केली होती. त्यांना काही झालं नाही. काही व्हायला हवं होतं, असं ते नंतर एकदा म्हणाले, आणि मी त्यांच्यावर ओरडले.

रोगी खुराड्याच्या भोवतालच्या ठरावीक अंतरातल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागतात. बापूरावांच्या वाडीपासून यमुनाबाईंचं टेकाड त्या अंतराच्या बाहेर होतं. मंगळवारीच खोकं भोपाळला गेलं असतं, तर आमची रेघ वाडीभोवती पडली असती आणि हे टेकाड सुटलं असतं. आता नवी रेघ यमुनाबाईंच्याच अंगणाभोवती पडली होती.

यमुनाबाई लहानखुऱ्या, साठीच्या पुढच्या, एकट्या. मूलबाळ नाही. बावीस वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बापूराव एक खुडूक कोंबडी आणि तिच्याखाली अकरा अंडी, अशी पाटी डोक्यावर घेऊन टेकाड चढून आले होते. "माणूस नाही तर नाही, दारात हालचाल तरी राहील," असं म्हणाले होते. ह्या पाऊणशे त्या एका कोंबडीच्या. यमुनाबाई कुठली कुणाची लेक, कुणाची नात, हे बोटावर सांगायच्या. हे मला समाधानने वर चढताना सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

कोंबड्या मोकळ्या होत्या, झाडांवर, कुडावर, छपरावर. पांढऱ्या पोशाखातली आमची माणसं त्यांच्यामागे धावून थकली. शेवटी आमच्यातल्या एकाने यमुनाबाईंना विनंती केली, "आजी, तुम्ही बोलावता का त्यांना?"

त्यांनी आमच्याकडे बघितलं. मग आत जाऊन ओंजळभर कण्या आणल्या आणि नेहमीच्या आवाजात हाक दिली, "ती ती ती ती."

त्या सगळ्या आल्या. पंख सोडून बसलेल्या आजारीसुद्धा उठून आल्या.

मी वीस वर्षं या कामात आहे. त्या दिवशी पोशाखाच्या आत मी रडत होते, आणि काचेवर वाफ धरली म्हणून मला दिसत नाही, असं सोबतच्यांना सांगत होते. कुंपणाबाहेर बापूराव उभे होते. सगळं आटोपल्यावर यमुनाबाई त्यांच्यासमोर जाऊन म्हणाल्या, "तुझं हात लागलं आन् गेल्या." यमुनाबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

गद्रे दहा दिवसांनी परत आले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, एरवी ते उभ्यानेच बोलत. मग फोनवरचं सगळं सांगितलं. मी म्हटलं, "काका, सही माझी होती." ते म्हणाले, "शब्द माझा होता. आणि मला तर दोन्ही अर्थ ठाऊक होते मॅडम. आमच्या घरातली तीन माणसं त्या शब्दाने गेली आहेत. महाराष्ट्रात हा शब्द ज्याला कळायला हवा होता, नेमका त्यालाच फोन लागला होता. आणि मी त्यांना पुस्तक शिकवत बसलो."

महिन्याभराने विषाणूची वंशावळ हातात आली. आठातले सहा तुकडे रानपक्ष्यांकडचे, बहुधा धरणाच्या पाण्यावर उतरलेल्या बदकांचे. दोन तुकडे आपल्याकडच्या कोंबड्यांत बरीच वर्षं मुरलेल्या एका सौम्य विषाणूचे. आणि यमुनाबाईंच्या कोंबड्यांतला विषाणू बापूरावांच्या कोंबड्यांतल्या विषाणूची सरळ नक्कल, फक्त एका अक्षराचा फरक. गद्र्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं. "एवढ्या एका अक्षरात टेकाडावर चालत गेला," ते म्हणाले. "आपल्या कारकुनाने एकच अक्षर चुकवलं. मी अख्खा शब्द."

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. पत्रकातला तो शब्द दुरुस्त करायचा. सरकारी पत्रकात खाडाखोड चालत नाही, शुद्धिपत्रक काढावं लागतं. त्यांनी मसुदा केला: 'राणीखेत' या शब्दाऐवजी 'मानमोडी' असे वाचावे. तो कागद घेऊन बापूराव आणि यमुनाबाईंकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

वैशाखात समाधान आला होता, तो सांगून गेला की भाऊ-बहिणीचं बोलणं बंद आहे. बापूराव रोज सकाळी टेकाडाखालच्या बांधावर येऊन बसतात, वर बघतात आणि परत जातात. यमुनाबाई दार उघडत नाहीत. मी गद्र्यांना म्हटलं, "काका, कागदाचं राहू द्या. जाऊन नुसतं सांगून या ना, की लस द्यायला मी पाठवलं होतं."

"तोंडी?" ते म्हणाले. "तोंडी बोलूनच मी हा घोटाळा केलाय. ते लोक का म्हणून माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवतील? जाईन तो कागद घेऊनच."

जूनअखेर ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं नाही; शाल घेतली आणि विचारलं, "मॅडम, शुद्धिपत्रक?" त्यानंतर दर पंधरा दिवसांनी सायकलवरून यायचे, चपला बाहेर काढायचे आणि तेच विचारायचे. मी म्हणायचे, "बघते काका."

मी काय बघत होते तेही सांगते. फाईल माझ्याच टेबलावर होती. माझं म्हणणं, सरकारी कागदावर 'मानमोडी' हा शब्द कसा चालेल? 'एव्हियन इन्फ्लुएंझा' लिहा, लगेच सही करते. गद्र्यांचं म्हणणं, मालकाने जो शब्द सांगितला तोच हवा, कारण चूक तो बदलण्याचीच झाली होती. महिनोन् महिने मी त्या एका शब्दावर अडून बसले. श्रावण गेला, भाद्रपद लागला. गणपतीच्या सुट्ट्या आल्या, मग काहीबाही कामं निघाली. शेवटी सर्वपित्रीला सव्वानऊ वाजता गद्रे माझ्या दारात दिसले. आता तिथे त्यांची अंडी नव्हती, तरी आले होते. मी 'मानमोडी'वरच सही केली. जावक क्रमांक पडून कागद हातात यायला दिवाळी उजाडली.

"भाऊबीजेला जाऊ," गद्रे म्हणाले. "त्या दिवशी भांडण असलं तरी भाऊ बहिणीकडे येतोच. दोघं एका ठिकाणी सापडतील, दोघांना एकदमच वाचून दाखवता येईल."

मी गाडी काढली. गद्र्यांनी धुवट पांढरा सदरा घातला होता, खिशात घडी घातलेला कागद. मंडईतून यमुनाबाईंसाठी फळं घेतली होती. टेकाडाखाली गाडी थांबली तसे त्यांनी पिशवीतून नवाकोरा चपलांचा जोड काढला, पायांतला बदलला आणि मगच वर चढले. वर एकही कोंबडी उरली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

यमुनाबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. त्या दिवशी माझा चेहरा कुणाला दिसला होता? गद्र्यांनी हात जोडले, नाव सांगितलं, प्रयोगशाळेतून आलो म्हणाले. मग विचारलं, "बापूराव आलेत का? की यायचे आहेत?"

"बापू गेला," यमुनाबाई म्हणाल्या. "गौरी यायच्या चार दिस आदी. झोपेतच गेला."

मी मनातल्या मनात तारखा मोजल्या. गौरी यायच्या चार दिवस आधी फाईल माझ्या टेबलावर, डाव्या बाजूला, चष्म्याच्या डबीखाली होती.

गद्रे खाली ओट्यावर बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं, सरळ, एकही शब्द न सजवता. "बापूरावांनी फोनवर खरा रोग सांगितला होता. मी त्यांना खोडून काढलं. लस द्यायला जा, असं मीच सांगितलं. त्यांचे हात लागले, पण त्या हातांना इकडे मी पाठवलं."

यमुनाबाई ऐकत होत्या. "म्या इचारलं हुतं त्याला," त्या म्हणाल्या. "दारातनंच इचारलं, कुनी सांगितलं हुतं रं तुला यायला? म्हनला, कुनी न्हाई, माझ्याच मनानं आलो."

"माझं नाव नाही घेतलं?"

"न्हाई घेतलं." त्या म्हणाल्या, "म्या त्याला परत घरात घेतला न्हाई. सात महिनं तिथं बांधावर येऊन बसायचा. म्या वरनं बघायची. आदी यायचं हुतं साहेब तुमी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. तोवर भावावरचा राग त्यांच्या सोबतीला होता. तो आम्ही येऊन काढून घेतला, आणि त्याच्या जागी ठेवायला आमच्याकडे मंडईतली चार फळं होती.

गद्र्यांनी खिशातून कागद काढला. "हे तुमच्यासाठी आणलं होतं. सरकारी आहे. वाचून दाखवू का?"

"मला कशाला?" यमुनाबाई उठल्या, दारातून बाजूला झाल्या आणि आतल्या भिंतीकडे हात केला. तिथे हार घातलेला बापूरावांचा फोटो होता. खाली ताम्हनात निरांजन, सुपारी, अक्षता तयार होत्या. "त्याला वाचून दावा."

गद्रे उंबऱ्याबाहेर चपला काढून आत गेले. फोटोसमोर ताठ उभे राहिले, चष्मा लावला आणि कार्यालयात वाचायचे तसं स्पष्ट, ळ आणि ण जागच्या जागी ठेवत वाचायला लागले. "शुद्धिपत्रक. नमुना नोंद क्रमांक एकशे अडतीस. रकाना सातमधील 'राणीखेत' या शब्दाऐवजी 'मानमोडी' असे वाचावे. सदर शब्द कोंबड्यांच्या मालकाने दूरध्वनीवर स्पष्टपणे सांगितला होता. नोंद घेणाऱ्याने तो बदलला. लसीकरणासाठी मालकाच्या भगिनीकडे जाण्याचा सल्लाही नोंद घेणाऱ्यानेच दिला होता."

यमुनाबाईंनी निरांजन लावलं. गद्र्यांना सवय होती कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, म्हणून ते माझ्या सहीच्या खालीही वाचत गेले.

"प्रत माहितीसाठी," त्यांनी वाचलं, "श्री. बापूराव पायगुडे यांना." आणि पुढे त्यांना वाचता येईना.